कलम तीनची तारीख

सोमवार, ८ जानेवारी

वकीलबाईंकडून कराराचा मसुदा आला. विभक्त राहण्याचा करार – सात पानं. सगळं ठरलेलंच आहे. लेक आईबरोबर जाणार, सुट्ट्यांत माझ्याकडे येणार, घर मला. शांतपणे वाचत गेलो.

मग कलम तीन. ‘उभय पक्ष १९ ऑगस्टपासून पती-पत्नी या नात्याने राहिलेले नाहीत.’ आणि साल चार वर्षांपूर्वीचं!

टायपिंगची चूक असणार.

मंगळवार, ९ जानेवारी

चूक नाही. तारीख तुमच्या मिसेसनीच दिली, वकीलबाई म्हणाल्या. क्षणभरही विचार न करता दिली म्हणे. कायद्याला वर्षभरापेक्षा जुनी कुठलीही तारीख चालते, उगाच अडून बसू नका, हा काही सोन्याचा काटा नाही.

कुठलीही कशी चालेल? खाली सही मी करणार ना?

माझ्या हिशेबानं संपलं ते दीड वर्षापूर्वी, जूनमध्ये. ती उशी घेऊन लेकीच्या खोलीत झोपायला गेली तेव्हा. त्याआधी आम्ही नवरा-बायको होतो. मी तरी होतो.

बुधवार, १० जानेवारी

वीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासतोय. ऑफिसात मला मिलिग्रॅम म्हणतात, तोंडावर. आज साहेबांनी बोलावलं – मिलिग्रॅम, दहा ग्रॅम कमी दाखवणारा काटा पास केलास? केल्याचं आठवतच नव्हतं. परत जाऊन शिक्का रद्द केला. दुकानदार म्हणाला, तब्येत बरी नाही का साहेब? त्यानं रागावायला हवं होतं.

गुरुवार, ११ जानेवारी

जुन्या वह्या काढल्या. तो १९ ऑगस्ट सापडला. जसाच्या तसा उतरवतो –

‘बाजारातले चौदा काटे झाले. घरी आलो तर दोघी बाहेर गेलेल्या. घर शांत. तीन तास निवांत वाचलं. बऱ्याच दिवसांनी इतकी छान संध्याकाळ गेली.’

बस. भांडण नाही, अबोला नाही. पुढची-मागची पानंही पाहिली. म्हणजे चूक तिचीच! जिंकल्यासारखं वाटलं. आणि लगेच स्वतःची किळस आली.

शनिवार, १३ जानेवारी

ती कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी वही घेऊन समोर बसलो. सगळं मांडलं. त्या ऑगस्टनंतर आपण समुद्रावर गेलो होतो. तुला टायफॉइड झाला तेव्हा मी नऊ दिवस रजा काढली. तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस, तसा फोटो आहे. हे सगळं वेगळं झाल्यानंतरचं धरायचं?

मी बोलायचा थांबलो तेव्हा तिनं आणखी दोन कप गुंडाळले.

“समुद्रावर तू हसत होतीस,” मी म्हणालो.

“लेक होती ना बरोबर.”

त्या दिवशी झालं तरी काय, मी विचारलं. माझ्या वहीत तर काहीच नाही.

“नसणारच,” म्हणाली. चिडून नाही. दमून.

रविवार, १४ जानेवारी

चार वर्षं ती माझ्या शेजारी काय करत होती?

मंगळवार, १६ जानेवारी

लेकीच्या नव्या शाळेला सही केलेला करार महिनाअखेर हवा आहे. नाहीतर प्रवेश गेला. हे माहीत असून मी अडून बसलोय – आणि स्वतःला सांगतोय की खऱ्यासाठी. खऱ्यासाठी नाही. ती तारीख मान्य केली तर तो फोटो, तो समुद्र, सगळा तिचा सभ्यपणा ठरतो. निदान जूनपर्यंत तरी तिला मी हवा होतो, एवढं मला तिच्याकडून लेखी हवंय. वकिलामार्फत! इतका हलका माणूस कधी झालो मी? की होतोच, आणि कोणी तपासलं नाही?

आज जेवलो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. येऊ नये असंच वाटलं.

गुरुवार, १८ जानेवारी

शाळेतून आल्या आल्या लेक माझ्या खोलीत आली. दाराला टेकून उभी राहिली. आईनं सांगू नको म्हटलंय, पण सांगते. त्या १९ ऑगस्टला त्या दोघी घर सोडून निघाल्या होत्या. कायमच्या. लेक दहा वर्षांची होती. बॅगा घेऊन बसस्टँडवर बसून राहिल्या. तीन गाड्या सोडल्या.

“आई म्हणत होती, बाबाचा फोन आला की परत जायचं.”

मग परत कशा आलात, मी विचारलं.

“मला झोप यायला लागली.”

सही केली. तारीख बरोबर आहे.