रुमालाखालची तिकिटं

बा, काल शहापुरात भर बाजारात मी एका माणसाशी भांडले आणि घरी आल्यावर पहिली आठवण तुझी झाली. इथे एका बाईच्या गाण्याचा जलसा आहे. मी शाळेतून रजा घेऊन सकाळीच रांगेत उभी राहिले. पुढे मोजकीच माणसं होती, तरी माझी पाळी येण्याआधीच खिडकीतल्या माणसाने तिकिटं संपली म्हणून हात हलवले. दुपारी तीच तिकिटं चहाच्या दुकानामागे एक इस्त्रीच्या सदऱ्यातला इसम तिप्पट भावाने विकत होता. लढाईच्या दिवसांत साखरेला, रॉकेलला, धोतरजोडीला जे झालं ते आता गाण्यालाही लागलं आहे. हल्ली याला काळा बाजार म्हणतात. तू गेलास तेव्हा हा शब्द आपल्याकडे नव्हता, पण ती माणसं तुला चांगली ठाऊक होती.

म्हसा गावच्या जत्रेतलं ते वर्ष तू विसरला नसशील. धाकटा भाऊ त्या पावसाळ्यात तापाने गेला होता. तेव्हापासून आय रडली नव्हती आणि गायलीही नव्हती. जात्यावर बसायची, पीठ पडायचं, पण तोंडातून ओवी निघायची नाही. घरात नुसती दगडाची घरघर. मला त्या आवाजाची भीती वाटायची आणि तुलाही वाटत असणार, कारण दळण सुरू झालं की तू उठून गोठ्यात जायचास. मग एकदा मुरबाडच्या बाजारात चहावाल्याच्या फोनोवर एका बाईचं गाणं लागलं आणि आय डोक्यावरच्या पाटीसकट जागच्या जागी थांबली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. ते तू पाहिलंस. तीच बाई जत्रेत गायला येणार, आणि दुपारी खास बायकांसाठी खेळ आहे, असं कळल्यावर तू सगळ्यांसमोर सांगून टाकलंस, "हिला न्यायचीच. बैल इकला जावो नायतर न जावो."

तू बैलांचा दलाल. बोलशील ते करशील अशी तुझी ख्याती. आणि आपण तंबूच्या खिडकीशी जातो तर तिकिटं संपलेली. बायकांच्या खेळाची सगळी तिकिटं मिशीवाल्या पुरुषांनी चढ्या भावाने विकायला घेऊन ठेवली होती. त्यांतला एक जण बैलबाजाराच्या कडेला झाडाखाली उभा होता. खुळखुळते खिसे तिकडेच असतात हे त्याला कळत होतं. कल्याणकडचा असावा, पायात बूट होते. त्याने असा भाव सांगितला की आय माघारी फिरली. म्हणाली, "चला, नाय ऐकलं तं काय मरत नाय मी."

तू हललासही नाहीस. खांद्यावरचा रुमाल काढलास.

"भाव असा उघड्यावर बोलतात का रे? बैलबाजार हाय ह्यो. हात दे."

आपल्याकडे बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघे हातावर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगतात, शेजारच्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. टाळी पडली की सौदा पक्का, मग कुणाचा बाप आला तरी मोडत नाही. त्या बूटवाल्याला बोटांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण भोवती दलाल जमलेले, त्यांच्यापुढे अडाणी दिसायची त्याला लाज वाटली. तू बोटं दाबत गेलास, तो जाणत्यासारखी मान हलवत गेला, आणि तू हात पुढे केल्यावर त्याने टाळी दिली.

"दोन तिकिटं, खिडकीच्या भावानं," तू मोठ्याने सांगितलंस.

"असं कुठं ठरलं?"

"मंग कसं ठरलं?" वैशाखरे गावचा एक म्हातारा दलाल पुढे झाला. "कंची बोटं दाबली ती सांग."

त्याने आपल्याच बोटांकडे पाहिलं आणि खिशात हात घातला. तिकिटं काढून देता देता तो चिडून म्हणाला, "तुमी तरी काय येगळं करता? तुमीपन दलालच की."

मला वाटलं, आता तू गप्प होशील. तू कसला होतोस. "मी बैल बांधून ठेवत नाय रे. गिऱ्हाइकाला पळवून दाखवतो, दात उघडून दाखवतो. उद्या लंगडला तं माझ्या दारात येऊन शिव्या घालतात. तुझं तिकीट लंगडलं तं तू कुठं घावशील?" लोक हसले. काल मी त्या इस्त्रीवाल्याला हेच सुनावलं, शब्दाला शब्द. तो नुसता हसला. रुमालाची आण पाळणारं तिथे कुणी नव्हतं. तसल्या माणसाला वर पैसे द्यायचे नाहीत हे मी तुझ्याकडूनच शिकले, म्हणून तशीच ताठ मानेने परत आले.

त्या दुपारी तू बैलांजवळ थांबलास आणि आम्ही दोघी तंबूत गेलो. परत आल्यावर तू विचारलंस, "कशी गायली गो?" मी म्हटलं, "लय चांगली." पुढे संक्रांतीच्या दळणाला आयने ओवी म्हटली. तू गोठ्यात गेला नाहीस, दारातच बसून राहिलास. जो भेटेल त्याला सांगत सुटलास की त्या बाईच्या गळ्यात औषध आहे, माझ्या पोरीला विचारा, तिने ऐकलंय.

बा, मी काही ऐकलं नव्हतं. गाणं सुरू झालं आणि आय पदर तोंडात कोंबून रडायला लागली. शेजारच्या बायका वळून बघू लागल्या, तशी ती माझ्या मांडीवर वाकली आणि धाकट्याचं नाव घेत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. खेळ संपला तरी फिरवत होते. ती बाई काय गायली, कशी गायली, मला आजवर माहीत नाही. काल तिचंच तिकीट होतं.