चैतात कोनतं धान

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुझ्याशी बोलायची वेळ आणली ती माझ्याच मुलाने. डुकरांनी धान तुडवलं म्हणून त्याला बंदुकीचा परवाना हवाय. शेत माझ्या नावावर, तेव्हा अर्जावर सही माझी लागते. "राखणीपुरती गं," म्हणतो. राखणीपुरती! हा शब्द बाबांच्या तोंडून ऐकतच मी वाढले. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, पण पीक राखायला म्हणून घरातली बंदूक तेवढी राहिली, आणि बाबांचा सगळा तोरा तिच्यात जाऊन बसला.

चैत्रातली ती सकाळ. चांद्याहून आलेल्या पाहुण्यांना डुकराचं मटण खाऊ घालायचं म्हणून बाबा त्यांना घेऊन फटफटायच्या आधीच मोहाच्या झाडांकडे गेले. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती खायला डुकरं येतात आणि वेचायला बायाही येतात, हे धानोऱ्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आपल्याकडे धान कांडायला येणारी गोंडाची बाई तिथे वाकून फुलं वेचत होती. बाबांनी गोळी झाडली. तिला खाटेवर घालून आणलं तेव्हा ती गेलेली होती. तू पिठाच्या हातांनीच बाहेर आलीस. "अंधारात डुक्कर वाटलं," बाबा म्हणाले. तू कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हतास. त्या दिवशी चढवलास. "डुक्कर काऊन वाटलं? वाकून होती म्हनून? या गावात वाकल्याबिगर कोनाचं पोट भरते? मांगं शिकारीच्या हाक्यात गडी मेला, त्याच्या आंधी गुराखी. बंदूकवाल्याच्या घरचं एक तरी मानूस मेलं काय?"

पोलिसांपुढे पंचांनी एका तोंडाने सांगितलं, पीक राखताना अपघात झाला. तू दाराआडून विचारलंस, "चैतात कोनतं धान राखून राह्यले होते?" धान तर कधीच कापून झालं होतं. चौकशी झाली, बंदूक परत घरी आली.

पुढच्या चैत्रात तेच पाहुणे पुन्हा हजर, लाज कोळून प्यायलेले. मालगुजाराच्या घरची बाई मोह वेचत नाही, ते मजुरणींचं काम. तू टोपली उचललीस आणि मला म्हणालीस, "चाल." काळं लुगडं मुद्दाम नेसली होतीस. बायांच्यात जाऊन वाकलीस. मी सारखी वाटेकडे बघत होते, तुझे हात भराभर चालत होते. बाबा पाहुण्यांसकट आले आणि थबकले. "ऊठ तिथून! घरची इज्जत घालवतं काय?" तू मानही वर केली नाहीस. "मी मोह वेचून राह्यली. तुमी मारा तुमचं डुक्कर." पाहुणे त्याच दिवशी परतले. तू मात्र मोहाचा बहर संपेपर्यंत रोज गेलीस, आणि शेवटी बाबा बंदूक ठाण्यात जमा करून आले. पावसाळा लागेपर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत. त्यांना जेवायला वाढून तू समोर बसून राहायचीस, ते मान खाली घालून जेवायचे. तुला ते लागत होतं, मला दिसायचं. तरी तू हटली नाहीस. माय, मला तुझा फार अभिमान वाटतो.

मुलगा म्हणतो, तो काळ वेगळा होता. असेल. आमच्या धुऱ्याखाली, शेताच्या बांधालगत, आजही बायाच वाकलेल्या असतात. मी सही करणार नाही. काट्यांचं कुंपण घालू, मचाणावर पाळीपाळीने जागू, माझीही पाळी लावू. रागावला तर रागावू दे. हे लिहिलेलं त्याला दाखवणार नाही, तुझं नाव पुढे करून त्याला गप्प बसवायचं नाही मला. पेटीत तुझं लुगडं आहे, त्याच्या घडीत ठेवीन.

एक कबूल करते. परवा सकाळी तुडवलेलं धान पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. धुऱ्यापलीकडे काहीतरी काळं हललं. हातात बंदूक असती तर मी झाडली असती, माय. ते काय आहे, हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं.