बसलेल्या घशाची सभा

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इथे ठीक आहोत, तूही असशील. 'ठीक' या शब्दावर लगेच अडून बसू नकोस, पुढे वाच.

तुझे फोन येतात आणि दर वेळी हीच उचलते, मी कधी अंघोळीला गेलेला असतो, कधी मीटिंगला. तू हिला म्हणालीस म्हणे, "इतक्या अंघोळी करून तो अजून विरघळला कसा नाही?" रागावू नकोस. खरंच फार गडबडीत होतो आणि त्या गडबडीतून एक मोठी गोष्ट झाली आहे. आपल्या देशाला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत जागा मिळाली! काल पत्र आलं. संस्थेचा चिटणीस म्हणून पाकीट मीच फोडलं आणि शिपायाला मिठी मारली. तो बिचारा अजून माझ्यापासून लांबून जातो.

तुला वाटेल, त्यात काय एवढं, अर्ज केला असेल आणि मिळाली असेल. अगं, त्या संघटनेचा नियम असा, की एका देशाची एकच संस्था घेणार. आणि आमच्याकडे दोन! आमची प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची, दुसरी डॉक्टरांची. दोघांची ऑफिसं एकाच मजल्यावर समोरासमोर, मधे सभागृह. ते आम्हाला उंदीरवाले म्हणतात, आम्ही त्यांना सुरीवाले. मागच्या वेळी दोघांनीही गुपचूप वेगवेगळे अर्ज केले. तिकडून फार सभ्य उत्तर आलं, "आपला देश एकच आहे, अशी आमची समजूत आहे. ती बरोबर असल्यास कळवावे."

म्हणून या खेपेला, गेल्या महिन्यात, संयुक्त सभा बोलावली. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आजोबा म्हणतात, ते सभेत झोपतात आणि फक्त हरकत घ्यायला उठतात. सुरीवाल्यांच्या अध्यक्षा म्हणजे घशाच्या सर्जन, आमच्या भाषेत सुरीबाई. त्या कधीच झोपत नाहीत. नव्या नावात 'संशोधन' आधी की 'उपचार' आधी, यावर पहिल्या दहा मिनिटांतच खुर्च्या सरकायला लागल्या. आजोबा म्हणाले, "उंदरांशिवाय तुम्ही कापणार काय?" सुरीबाई म्हणाल्या, "माणसं! आम्ही माणसं बरी करतो, तुम्ही उंदीर मारता."

मग समेट घडवायला मी उठलो. माझी ख्याती तुला ठाऊक आहे. मी उभा राहिलो की लोक घड्याळं काढून टेबलावर ठेवतात. पण त्या दिवशी माझा घसा बसलेला होता. तोंड उघडलं तर आवाजच नाही, नुसती हवा. कसाबसा कुजबुजलो, "आपण सगळे मिळून एकच अर्ज करू या का?"

ताई, काय म्हणतोय ते ऐकायला सगळे पुढे वाकले. आणि गंमत म्हणजे, समोरचा कुजबुजला की माणूस आपोआप कुजबुजूनच उत्तर देतो. सुरीबाई कुजबुजल्या, "नाव काय ठेवायचं?" मी कुजबुजलो, "नुसती कर्करोग संस्था. पुढेमागे काही नको." आजोबांनी हरकत घेतली, पण तीही कुजबुजत, त्यामुळे ती हरकत कमी आणि प्रेमाची कबुली जास्त वाटली. शेजारच्या बाईंना हसू आवरेना. कुजबुजत भांडता येत नाही गं, करून बघ कधी. ठराव एकमताने मंजूर! लोक माझ्या मुत्सद्दीपणाचं कौतुक करत बाहेर पडले.

सुरीबाई तेवढ्या थांबल्या.

"चिटणीससाहेब, हा आवाज कधीपासून असा?"

"मीटिंगमध्ये ओरडून ओरडून..."

"आज तुम्ही ओरडला नाहीत. म्हणून तर सभा झाली."

मी म्हटलं, मधाचं पाणी चालू आहे. त्यांनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या संस्थेचं पोस्टर आहे. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, "आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर थांबू नका, घसा तपासून घ्या." मग विचारलं, "मजकूर कुणाचा?"

मजकूर माझा होता. 'थांबू नका'खाली रेघ मारायचा आग्रहही माझाच. आणि माझा आवाज थंडी पडायच्या आधीपासून बसलेला होता.

आता कळलं ना, फोनवर का येत नव्हतो? दारात चप्पल काढायच्या आवाजावरून तू माझे मार्क ओळखायचीस. 'हॅलो' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

तर, सांगतो. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं, घशातला तुकडा काढून तपासला. डाव्या स्वरतंतूवर लहानशी गाठ आहे. ज्याच्या नावाने आम्ही संस्था काढली, तेच. अगदी सुरुवातीचं आहे, पसरलेलं नाही. अशातले बहुतेक लोक पूर्ण बरे होतात, हे मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितलंय की स्वतःला सांगताना भाषण केल्यासारखं वाटतं. येत्या सोमवारपासून रेडिएशन सुरू. आवाज पुढे जरा खरखरीत राहील. संघटनेच्या अधिवेशनात नव्या सदस्याने चार शब्द बोलायचे असतात, ते सुरीबाई बोलतील. भाषण मी लिहून दिलंय. त्यात उंदरांचा उल्लेख आधी आहे. त्यांनी कुरकुर केली, पण पेशंटला नाही कसं म्हणणार?

तुला कळवायचं नाही असंच ठरवलं होतं. भीती आजाराची नव्हती. आईच्या आजारपणात मला अभ्यासाला घरी पाठवून तू एकटी दवाखान्यात बसून राहिलीस. लोखंडी स्टुलावर. तेव्हा तुझं वय आमच्या प्रयोगशाळेतल्या पोरींएवढं होतं. ते परत तुझ्या वाट्याला यायला नको, एवढंच मनात होतं. सगळं उरकलं की खरखरीत आवाजात फोन करून 'सर्दी झाली होती' म्हणणार होतो.

काल ही म्हणाली, "ताईंनी बसायचं की नाही, ते तुम्ही कोण ठरवणार? आज पत्र लिहा, नाहीतर उद्या मी फोनवर सगळं सांगते."

मी म्हटलं, लिहितो, पण येऊ नकोस असं लिहितो. तुझे गुडघे, एवढा प्रवास, इथलं ऊन. तसं दोनदा लिहिलंही, आणि दोन्ही वेळा कागद फाडला.

ताई, ये.

तुझा,
छोट्या