पऱ्हाटीच्या प्लॉटातलं दुसरं जग

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि दोन ओळींत तू म्हणाली असतीस, "पाल्हाळ लावू नको, काम काय ते सांग." काम काही नाही. तुझ्याशी भांडायचं राहिलंय, तेवढं करते.

आष्टीच्या शिवारातला तो कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट मला अजून ओळ न् ओळ आठवतो. दुपार कलली की आपण मादीच्या ओळीत शिरायचो. उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं पाकळ्या आणि आतलं पिवळं केसर सोलून काढायचं, मधली काडी तेवढी ठेवायची आणि खूण म्हणून वर लाल कागदाची पुंगळी घालायची. सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या काडीवर घासायचं. दोन वाणांतून तिसरा निघतो, दोघांपेक्षा सरस, हे मी तिथं शिकले, शाळेत नाही. तेरा वर्षांची होते. एकदा विचारलं, "माय, माणसाचं असं केलं तर? आपल्याहून भारी माणूस निघंल का?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुझ्या बापानं अन् म्या तेच केलं ना? बघ काय निघालं!" सगळ्या बाया खदाखदा हसल्या. मीही हसले, पण मला राग आला होता.

त्याच दिवसांत शाळेच्या कपाटातलं एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक माझ्या हाती लागलं. आपल्या जगाला लागूनच दुसरं जग आहे, तिथंही आपणच आहोत, फक्त एका वळणावर वेगळ्या वाटेला लागलेलो, अशी त्यातली गोष्ट. ती मी तुला ओळीत उभी राहून सांगते आहे आणि तू बोटं चालवत ऐकते आहेस. मध्येच विचारतेस, "तिकडची मी काय करून राह्यली?" मी म्हणते, "तिकडं तू शिकलेली हायेस. हापिसात जाती." तू एक कळी सोलतेस, पुंगळी घालतेस, पुढच्या झाडाकडे सरकतेस. "मंग तिच्या घरची भांडी कोन घासतंय?" तू चेष्टा करतेस असं वाटून मी गाल फुगवते.

दोनच दिवसांनी घोळ झाला. त्या दुसऱ्या आष्टीत मी इतकी रमले होते की अर्धी ओळभर कळ्या न सोलताच नुसत्या पुंगळ्या घालत गेले. सकाळी बघतो तर लाल कागदाखाली फुलं केसरासकट आपली आपण उमललेली. सगळी बाद. कंपनीच्या सुपरवायझरनं ओळीतली फुलं तोडून टाकायला लावली आणि सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोलला, कारण बायांची जबाबदारी तुझ्यावर होती. तो गेल्यावर तू माझ्याकडे वळलीस. "डोस्कं कुठं ठिवलं व्हतं?" "दुसऱ्या जगात," मी खरं तेच सांगितलं. तू माझ्या थोबाडीत दिलीस. "मंग भाकर बी तिकडंच खा." संध्याकाळी मला खरंच वाढलं नाहीस. चुलीपुढे बसून ठरवून टाकलंस, दिवाळीनंतर शाळा बंद, पूर्ण दिवस प्लॉटवर. "आपल्यासारख्यानं इतकं लांबचं बघायचं न्हाई."

मी बघितलं. दिवाळीआधी काविळीत तू गेलीस, मावशीनं मला जालन्याला नेऊन शाळेत घातलं, आणि मी लांबचंच बघत राहिले. माझ्या गोष्टींतली माणसं आता माणसाच्या पुढची आहेत. त्यांची कंबर धरत नाही, नखं पिवळी पडत नाहीत, काविळीनं ती मरत नाहीत. परवा एका कार्यक्रमात एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमच्या भागात खरे प्रश्न काय कमी आहेत, की तुम्ही हे असलं लिहिता?" मला वाटलं, तूच चष्मा लावून येऊन बसलीस. त्यांना म्हटलं, मी ओळीत वाकून नवा वाण काढलेला आहे. पुढचा माणूस कसा निघेल हे मी नाही विचारायचं तर कोणी? तुलाही तेच ऐकवते. भांड्यांचा तुझा प्रश्न बराबर होता, त्यावर मी अख्खी कादंबरी लिहिली. शाळा बंद करणं बराबर नव्हतं. तू मेलीस म्हणून ते मी माफ करणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. वाचक विचारतात, एवढी जगं रचता, पण तुमच्या गोष्टींत आई कधीच का नसते? मी काहीतरी थातूरमातूर सांगते. खरं तर तुला जगवून बघितलं होतं, एकदा नव्हे, कितीदा तरी. तू बरी होतेस, उठतेस, दिवाळी होते, आणि मी तुझ्यामागे प्लॉटवर जाते. मग पुढं लिहायला कोणी उरतच नाही. दर वेळी मी ते पान फाडलं. कावीळ तुला एकदाच घेऊन गेली, माय. नंतरच्या सगळ्या वेळी मी.