मापाचं शीड

१५ जून, रविवार. सकाळी ६.४०
दुसरं टोक बायकोच्या, चंद्रिकाच्या, हातातून सुटलं. टेप सापासारखी परत आली, माझ्या अंगठ्याला लागली. पुन्हा पहिल्यापासून.

गच्चीवर वारा होता. शिडाच्या कडांवर अकरा विटा, दोन कुंड्या, इडलीचं भांडं. प्रत्येक कड तीनदा मोजली. सरासरी काढली. मिलिमीटरपर्यंत.

जुन्या शिडावरून नव्याचं माप घ्यायची कल्पना माझी. मूळ चंद्रिकाची. ती शिंप्याकडे मापाचा ब्लाऊज पाठवते, शिंपी तिला न बघता शिवतो, वीस वर्षांत चुकला नाही. चंद्रिका म्हणाली, पण मापाला आपण नीट बसणारा ब्लाऊज देतो की. चौदा वर्षं वापरून ताणलेला कोण देतं? हे मापाच्या वहीत लिहिलं नाही. इथे लिहिलं गेलं.

शर्यत १४ सप्टेंबरला. एका होडीत दोघं. अनन्याचं, आमच्या लेकीचं, विमान १७ ला. रॉटरडॅमला नोकरी, परत कधी ते ठरलेलं नाही. अकराव्या वर्षापासून ती माझ्या होडीत पुढे बसायची. दोन वर्षांपूर्वी भर शर्यतीत शीड फाटलं. त्यानंतर बसलेली नाही. काम वाढलं असावं. काल जेवताना स्वतःच म्हणाली, जायच्या आधी एकदा येते, अप्पा. दोन अटी. शीड नवं पाहिजे. ओरडायचं नाही.

दुसरी अट मला लागू होत नाही. मी ओरडत नाही. सूचना देतो.

९१ दिवस. भरपूर.

२२ जून, रविवार
शीड शिवणारा निवडणं ही भावनेची गोष्ट नाही. इरुंगाट्टुकोट्टैला ब्रेकचे भाग करणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं क्वालिटी बघतो. तीन कोटेशनशिवाय एक बोल्ट घेतलेला नाही.

तीन नावं. एक परदेशी कंपनी. पुदुच्चेरीचा व्यंकटेश, तरुण, कॉम्प्युटरवर शीड आखतो. रायपुरमचे राणोजीराव, वय सत्तरच्या पुढे. ताडपत्र्या, मांडव आणि क्लबच्या लोकांची शिडं शिवतात.

तिघांना कारखान्याचा फॉर्म पाठवला. बेचाळीस प्रश्न. अनन्याने वाचला. प्रश्न क्रमांक १७ (आग लागल्यास कामगार कुठे जमतात) बघून म्हणाली, अप्पा, राणोजीताता एकटेच आहेत. कुठे जमतील?

ती त्यांना ताता, म्हणजे आजोबा, कधीपासून म्हणते, विचारायचं राहिलं.

२९ जून, रविवार
परदेशी कंपनीचं उत्तर आलं: आपला निरोप मिळाला. आपोआप येणारं उत्तर आहे. तरीही तीनपैकी एक धरता येईल.

व्यंकटेशने बेचाळीस प्रश्नांना बेचाळीस वेळा ‘होय’ लिहिलं. त्यातले सहा प्रश्न होय-नाहीचे नव्हते.

राणोजीरावांनी फॉर्म परत पाठवला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एकच ओळ. होडी कधी बघायला येऊ?

प्रश्न विक्रेत्याने विचारायचे नसतात. पाच गुण कमी.

६ जुलै, रविवार. संध्याकाळ
रायपुरमला जाऊन ऑडिट केलं. एक लांब खोली, लाकडी जमीन, जमिनीत रोवलेलं शिवणयंत्र. राणोजीराव खाली बसून कुठल्याशा देवळाच्या मांडवाची कड शिवत होते. उठले नाहीत. या की शेषाद्रीराव, म्हणाले, चपला तेवढ्या भायेर ठेवा, शिडावर पाय पडंल. आमचीच जुनी तंजावरी मराठी. माझे आजोबा अशी बोलायचे.

सोबत नेलेल्या ताणकाट्याने शिवणीचा नमुना ओढून बघितला. तुटला नाही. माझा खांदा दुखतो आहे.

मग त्यांनीच माझं ऑडिट सुरू केलं. समुद्रात कितीदा जाता? पुढे कोण बसतं? वजन किती तिचं? ‘तिचं’ म्हणाले. मी म्हटलं, ही माहिती गोपनीय आहे. मागलं शीड फाटलं कशानं? वाऱ्याने, मी म्हटलं. ते दोरा दातांनी तोडून म्हणाले, वाऱ्यानं फाटत नाही की. वारा आला तर दोरी सोडायची. धरून ठेवा, धरून ठेवा म्हटलं, की फाटतं.

त्या दिवशी मी सूचना दिली होती ती हीच. शब्दही तेच. योगायोग.

म्हणाले, होडी दाखवा. डोलकाठी मापल्याबगर कातर लावणार नाही मी. मी मापांचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला, उलटा करून बघितला, घडी घालून परत दिला. फार शोक (म्हणजे छान) माप आहे, म्हणाले. कशाचं आहे?

सांगितलं, ऑर्डर मिळाल्याशिवाय विक्रेत्याला मालमत्ता दाखवत नाहीत. ते म्हणाले, होडी बघितल्याशिवाय मी ऑर्डर घेत नाही. दोन्ही नियम बरोबर. तिथे बैठक संपली. कॉफी चांगली होती.

७ जुलै
गुण. राणोजीराव ८८. व्यंकटेश ८४.

इथे मला थांबावं लागलं. राणोजीराव आमच्यातले. त्यांची भाषा ऐकून मला बरं वाटलं, हे मी स्वतःशी नाकारत नाही. कारखान्यात मी आपल्या माणसाला कधी काम दिलेलं नाही. मेव्हण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना सुद्धा नाही. चंद्रिकाच्या माहेरी अजून बोलतात. म्हणून पक्षपात नको या सदराखाली दहा गुण कमी केले.

राणोजीराव ७८. व्यंकटेश ८४. निर्णय सोपा झाला.

चंद्रिकाला तक्ता दाखवला. वजा दहावर बोट ठेवलं. मग म्हणाली, म्हणजे तो जर तेलुगु असता, तर त्याला मिळालं असतं?

हो. यालाच निःपक्षपातीपणा म्हणतात.

१७ जुलै, गुरुवार
आडी लागली. तमिळ लोक या महिन्यात नवीन काही सुरू करत नाहीत. मी हे मानत नाही. पण घरात चंद्रिका आहे, तिच्या भावनेचा मान राखायला हवा. ऑर्डर १७ ऑगस्टला.

चंद्रिका म्हणाली, मी आडीचं नावसुद्धा काढलेलं नाही.

न बोलता सांगायची तिची पद्धत आहे.

अनन्याने फ्रिजवर कागद लावला: १७ सप्टेंबर, रात्री, विमान. वर लाल पेनने १४ ला गोल. विचारलं, अप्पा, ऑर्डर दिली? म्हटलं, प्रक्रियेत आहे. तिने माझ्याकडे बघितलं. लाल गोल पुन्हा गिरवला. आईसारखी होत चालली आहे.

५९ दिवस.

२७ जुलै, रविवार
क्लबवर गेलो. सगळ्या होड्या पाण्यात. आडीच्या वाऱ्यात पाटा उडतो म्हणतात, तसा वारा. माझी होडी तेवढी धक्क्यावर, काठी उघडी. दोरी काठीवर आपटत होती. टक, टक. अर्धा तास ऐकलं.

सगळे विचारतात, शीड कुठं? म्हटलं, निवड चालू आहे. एक जण म्हणाला, सहा आठवडे झाले. मुलगी बघायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही हो. हसले सगळे. मीही.

अनन्या बरोबर आली होती. होडीजवळ उभी राहिली, आत बसली नाही. शिडाखालचा आडवा दांडा, बूम, हाताने पकडून वीत-वीत मोजत होती. म्हटलं, माप झालेलं आहे. ती म्हणाली, हो का.

१० ऑगस्ट
व्यंकटेशचा फोन. सर, आज सांगितलं तर ७ सप्टेंबरला देतो. १७ ला सांगितलं तर १४ ला. सर, शिडाला आडी नसते.

म्हटलं, घरच्यांची इच्छा.

चंद्रिका ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, शीड आलं की ती जाणार, असं वाटतंय का तुम्हाला?

चूक. विमान शिडावर अवलंबून नाही. दोन स्वतंत्र घटना आहेत. तिला कागदावर काढून दाखवलं. ती कागद न बघता भाजी चिरत राहिली.

१७ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६.०५
ऑर्डर दिली. सहा वाजेपर्यंत राहुकाळ होता, हा योगायोग.

मापांचा कागद, सही, शिक्का. अट क्रमांक ९: मापात विक्रेत्याने स्वतःच्या मनाने बदल करायचा नाही. व्यंकटेशने विचारलं, सर, एकदा येऊन काठी मापू? म्हटलं, ड्रॉइंग अंतिम आहे. तो म्हणाला, येस सर. चांगला विक्रेता.

राणोजीरावांना खेदाचं पत्र पाठवलं. गुण कळवले. दहा कुठे गेले तेही कळवलं. पारदर्शकता.

अनन्या म्हणाली, जुनं शीड आता लागणार नाही ना? मी नेते. भंगारात नोंद करून सही केली आणि दिलं. गच्ची मोकळी झाली.

२८ दिवस. व्यंकटेशला लागणार २८. मधे शिल्लक वेळ ठेवणं हीच उधळपट्टी, असं मी दरवर्षी ट्रेनिंगमध्ये सांगतो.

३ सप्टेंबर
व्यंकटेशला फोन. किती झालं? येस सर. वेळेवर येईल? येस सर. कुठपर्यंत आलंय? येस सर.

झोप कमी.

९ सप्टेंबर
अनन्या घरात चालताना ओठांनी काहीतरी पुटपुटते. विचारलं. होडी वळवायचे हुकूम आठवते आहे, म्हणाली. विसरले असेन असं वाटलं होतं. विसरले नाही.

मी माझ्या सूचनांची यादी केली. एकोणीस. हळू आवाजात म्हणून बघितल्या. शेजारच्या अंबुजा मामींनी काही हवंय का म्हणून विचारलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. रात्र
पार्सल निघालं, पण शहरात आलं नाही. श्रीपेरुंबुदूरच्या गोदामात उतरवलं. का, कुणाला माहीत नाही. शिफ्ट सोडून गेलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. गोदामवाला म्हणाला, उद्या या. म्हटलं, उद्या नाही. तिथेच बसलो. पावणेसहाला सापडलं. ‘सतरंजी’ म्हणून नोंदवलेलं.

कंपनीच्या बसमधून मांडीवर घेऊन आलो. शीड नव्या कापडाचं, कडक. श्वास घेतला की करकरतं.

१३ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ५
एकटाच क्लबवर जाऊन चढवलं.

शीड काठीच्या टोकाला पोचलं, तरी बूम वर उचलला जात नाही. होडीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर टेकतो. मागचा कोपरा बूमच्या बाहेर चार बोटं लोंबतो. ताण देता येत नाही.

उतरवलं. धक्क्यावर पसरलं. मोजलं. प्रत्येक कड तीनदा.

ड्रॉइंगशी तंतोतंत. फरक शून्य.

शीड पास. होडी नापास.

व्यंकटेशला कळवलं. तो म्हणाला, येस सर. मग म्हणाला, सर, म्हणून मी काठी मापतो म्हणालो होतो.

घरी सांगितलेलं नाही. रात्रीत काही निघेल.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी १
काही निघालं नाही.

अनन्या साडेसातला धक्क्यावर आली. जीवनरक्षक जाकीट घालूनच. नव्या शिडाकडे बघितलं, बूमकडे बघितलं. हसली नाही. गाडीकडे गेली आणि एक लांब गुंडाळी घेऊन आली. जुनं शीड. फाटलेल्या जागी नवी पट्टी, कडेला दुहेरी शिवण. ताणलेली कड थोडी आत घेतलेली. राणोजीतातांनी केलंय, म्हणाली. मी बूम मोजून दिला होता. चला अप्पा, अजून वेळ आहे.

मी तिला समजावून सांगितलं की भंगार म्हणून सही झालेला माल पुन्हा कामात घेता येत नाही. हा नियम माझा नाही, सगळ्या जगाचा आहे. एकदा घेतला की मग कशालाच अर्थ राहत नाही. तिने सही केलेला कागद मागितला. तो घरी होता. ती म्हणाली, मग नाहीच असं समजा. मी म्हटलं, असं समजता येत नाही. तिने शीड काठीला लावायला घेतलं. मी शिडाची कड धरून ठेवली. ती म्हणाली, सोडा अप्पा. मी आणखी समजावलं. आवाज थोडा वाढला असेल; तिला म्हटलं, वाऱ्यामुळे. वारा होता.

दहाला भोंगा झाला. सतरा होड्या गेल्या. आम्ही धक्क्यावर होतो, कड माझ्या हातात.

अनन्याने जाकिटाचे पट्टे सोडले. एक, दोन, तीन. जाकीट घडी करून होडीत ठेवलं. म्हणाली, अप्पा, वारा नव्हता.

मग मी कड सोडली.

१५ सप्टेंबर, सोमवार
रजा. सहाला अनन्या आणि चंद्रिका निघाल्या, म्हणून मीही निघालो. धक्क्यावर राणोजीराव आधीच आले होते. त्यांनी होडी बघितली, काठीवर हात फिरवला. अनन्याने जुनं शीड चढवलं. बरोबर बसलं. चंद्रिका साडी खोचून पुढे बसली. तिला पोहता येत नाही. अनन्या मागे, सुकाणूवर. मी दोर सोडला. पावणेआठला परत आल्या. मी दोर धरला.