मन्मथ सरांचे गाल

लातूर, १२ जुलै २०२३

तीर्थरूप अक्का,

धाकट्या मन्मथचा शरणार्थ. तुमचे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि जळकोटची लाईट, तिन्ही ठीक आहेत असं धरून चालतो. (तिसऱ्याचा भरवसा नाही.) माझी तब्येत उत्तम, फक्त चेहऱ्यावर दुरुस्ती चालू आहे.

झालं असं, आमच्या क्लासचे मालक हरिओम सर (जन्म भूकंपानंतरचा, पण लातूर त्यांनीच वसवलं असं बोलतात) फ्लेक्ससाठी माझा फोटो बघून म्हणाले, "सर, गाल लई बसलेत. पालकांना वाटंल, आजारी मास्तर ठेवलाय." सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय, पण नीटची बॅच मिळणार गालांवर! नव्या आलोक सरांचे गाल तर पुरीसारखे फुगलेले. मग मी गेलो त्वचेच्या डॉक्टर देविका मॅडमकडे.

त्या म्हणाल्या, हे इंजेक्शन शरीराला आतल्या आत कोलॅजन तयार करायला लावतं, त्यानं गाल हळूहळू भरतात. (आमच्या क्लाससारखंच. आपण नोट्स द्यायच्या, अभ्यास ज्याचा त्यानं करायचा.) बैठका तीन, परिणाम काही महिन्यांनी. टोचून घेतलं, आरशात बघतो तर गाल टम्म! ही औषधातल्या पाण्याची सूज आहे असं मॅडम सांगत होत्या, पण माझ्यासारखा विद्वान कुणाचं ऐकतो का? तडक स्टुडिओत जाऊन फ्लेक्ससाठी नवा फोटो काढून घेतला. तिसऱ्या दिवशी पाणी जिरलं, गाल मूळ पदावर आले आणि फ्लेक्स चौकात लागला.

शिवाय पाच दिवस, रोज पाच वेळा, पाच-पाच मिनिटं गाल चोळायचे. फळ्याकडे तोंड करून चोळत होतो, तर पोरांना वाटलं सर रडायलेत. तनुजा नावाच्या मुलीनं पाणी आणून दिलं. "सर, पुढच्या टेस्टला मार्क वाढवतो आम्ही," म्हणाली.

मग हिमायतनगरहून सटवाजी नावाचे पालक लेकीला घेऊन आले. क्लासच्या माहितीपत्रकावरही तोच फोटो, त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे सर कुठं हायत?"

"मीच."

त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. "न्हाई हो, हे तुमचे धाकटे भाऊ असतील. पण पोरगी तुमच्याकडंच द्यायची. शिकवून शिकवून गाल बसलेत तुमचे. ह्या गुबगुबीत बाबाला काय येत असंल?"

हरिओम सरांनी संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरवला, बॅच मला दिली आणि हात जोडून म्हणाले, "सर, आता असेच ऱ्हावा." औषध काढता येईल का, म्हणून मॅडमना विचारलं. येत नाही म्हणे. दिवाळीपर्यंत ते आपलं काम करतच राहणार.

असो. मास्तराची किंमत डोक्यावर ठरते, गालांवर नाही, हे मला पुरतं पटलंय. हा नाद मी कायमचा सोडला.

तुमचा,
मन्मथ

ता. क. मंगळवारी दुसरी बैठक आहे. (सहज जातोय.) पूर्वी गाल कसे होते ते बघायला मॅडमना माझा तरुणपणचा फोटो हवाय. तुमच्या लग्नातला असेल, तो ताबडतोब पाठवा.

आणखी एक. आत्ताच आईला फोन केला. म्हणाली, "तुला गाल होतेच कधी रे?" तेव्हा माझा नको. भाऊजींचा पाठवा.