रिकाम्या रस्त्याचे फोटो

दादा,

भांडून घर सोडलंस, पत्ताही ठेवला नाहीस. तरी लिहितेय.

बाबांची जुनी लेन्स अजून मीच वापरते. तिच्यातून उजेड इतका कमी येतो की रात्री वरच्या खिडकीतून आपल्या गल्लीचा फोटो काढायला कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात कुणी चालत गेलं तर ते फोटोत उमटतच नाही. दिवे, भिंती, बंद दुकानं तेवढी राहतात.

आई प्रत्येक फोटो भिंग लावून बघते. "यात कुणीच कसं नाही गं?" एकदा वैतागून तिला कारण सांगितलं, आणि तिथेच फसले. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे तो खालून गेला, तरी दिसायचा नाही!"

तेव्हापासून तिला रोज नवा फोटो लागतो. रिकामी गल्ली बघून म्हणते, "काल येऊन गेला वाटतं."

कॅमेरावाला म्हणाला, "ताई, हे डबडं फेका. नव्या लेन्सने क्षणात फोटो निघेल, माणसंसुद्धा येतील." मी नको म्हटलं.

कॅमेरा उघडा असतो तोवर मी खिडकीत शेजारीच उभी असते, दादा. खालून कुणी जात नाही.

तुझी,
धाकटी